उसाचे बेणे

उसाची लागण बियांनी होत नाही, बेण्याने होते. कांडीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे निजलेला कोंब. एक-दोन डोळ्यांची टिपरी ओल्या सरीत दाबली की मूळ उसाचाच जुळा उगवतो. 1996 साली महाराष्ट्रात प्रसारित झालेला को 86032, म्हणजे नीरा ऊस, असाच टिपरीमागून टिपरी वाढत गेला. आज शिवारात त्याचे जितके फड आहेत, तेवढे सगळे एकाच रोपाचा विस्तार आहेत.

त्या पहिल्या रोपाला मात्र बी लागले. ते को 62198 आणि कोसी 671 यांच्या संकरातून आले. पठारावर उसाला तुरा आला तरी त्यात सकस बी क्वचितच भरते. म्हणून संकराचे काम कोइमतूरच्या 1912 सालच्या ऊस पैदास संस्थेत आणि आता आंबोलीच्या दमट हवेतही चालते. उसाच्या पेशीत सुमारे 100 ते 130 गुणसूत्रे असतात. बहुतेक जाड, रसाळ उसाकडून आलेली, थोडी काशासारख्या रानटी उसाकडून. गोडी पहिल्याची; काटकपणा आणि खोडवा फुटण्याची ताकद दुसऱ्याची. एकाच तुऱ्यातली दोन रोपेही सारखी निघत नाहीत. त्यामुळे हजारो रोपे पारखून एक वाण हाती यायला दहा-बारा वर्षे जातात. पाडेगावचे संशोधन केंद्र 1932 पासून अशीच पारख करत आले आहे.

टिपरी जसा वाण जपते तसा रोगही जपते. काणी, गवताळ वाढ, मोझॅक हे सारे बेण्यातून पुढच्या फडात उतरतात. 54 अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास ठेवल्यास गवताळ वाढ आटोक्यात येते. मोझॅकचा विषाणू मात्र असा सहज हटत नाही.

त्यावरचा उपाय पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शोधला गेला. शेंड्याच्या अगदी टोकाला रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू तिथवर सहसा पोचत नाही. मिलिमीटरहून लहान असे ते टोक काचनळीत वाढवून मोझॅकमुक्त रोपे मिळवल्याचे या प्रयोगशाळेने 1975 साली प्रसिद्ध केले. पुण्याच्या या कामाची आठवण ऊसपट्ट्यात फारशी काढली जात नाही, काढायला हवी.

ऊतिसंवर्धनाची दुसरी वाटही आहे. पेशींचा आकारहीन गोळा वाढवून त्यातून रोपे काढली तर काही रोपे बदलून येतात. कोसी 671 मधून असाच को 94012 निवडला गेला. महाराष्ट्रात तो फुले सावित्री म्हणून ओळखला जातो. शुद्ध बेण्यासाठी मात्र शेंड्याचीच वाट धरावी लागते.

प्रयोगशाळेतील रोपांपासून मूलभूत, त्यापासून पायाभूत आणि शेवटी प्रमाणित बेणे तयार होते. बेणेमळ्यातला ऊस 9 ते 11 महिन्यांचा असावा, खोडव्याचा नसावा, आणि दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे.