वर्तमानपत्राची जप्ती : कायदा काय सांगतो?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या विहाराच्या वाचनालयात वर्तमानपत्रं येतात, चळवळीची मासिकं येतात, ग्रंथ आहेत. उद्या कोणी दारात येऊन म्हणालं, "हा अंक बेकायदेशीर आहे, काढा बाहेर," तर काय करायचं? काहीजण घाबरून अंक देऊन टाकतील, काहीजण भांडायला उठतील. त्याआधी कायदा माहीत पाहिजे.

आपलं जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजाम सरकारनं बंदी घातली, तेव्हा नाव बदलून ते पत्र निघत राहिलं. तो जमाना सत्ताधाऱ्याच्या मर्जीचा होता. आज राज्यघटना आहे. जप्तीची सत्ता आजही आहे, पण तिला पायऱ्या आहेत.

पूर्वी ही तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. पहिली पायरी अशी, की वर्तमानपत्र, पुस्तक किंवा दस्तऐवज सरकारजमा झाल्याचं जाहीर करायचा अधिकार राज्य सरकारचा. जमावाला तर तो मुळीच नाही. मजकूर समाजासमाजांत वैर पसरवणारा, मुद्दाम धर्मभावना दुखावणारा, अश्लील, अशा ठरावीक गुन्ह्यांत बसला पाहिजे. आणि सरकारनं अधिसूचना काढून कारणं लिहून दिली पाहिजेत.

अधिसूचना निघाली की पोलीस प्रती जप्त करू शकतात. पण त्यासाठी घरात, छापखान्यात, विहारात शिरून झडती घ्यायची तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं, आणि ते फौजदाराच्या, म्हणजे सब-इन्स्पेक्टरच्या, खालच्या माणसाला देता येत नाही. नव्या कायद्यानं झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं आहे. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात वस्तू जप्त करायचे पोलिसांचे अधिकार वेगळे आहेत. तेव्हा अडवाअडवी न करता कागद बघावा आणि जप्त वस्तूंची यादी मागावी.

हुकूम चुकीचा वाटला तर राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत हायकोर्टात जाता येतं. तिथं तीन न्यायमूर्तींचं खास पीठ बसतं.

ही नुसती कागदावरची गोष्ट नाही. उत्तर प्रदेशात ललई सिंह यादव यांनी पेरियार रामस्वामींचं रामायणावरचं पुस्तक हिंदीत छापलं. सरकारनं १९६९ साली ते जप्त केलं. ललई सिंह कोर्टात गेले. हुकमात कारणंच दिली नव्हती म्हणून अलाहाबाद हायकोर्टानं १९७१ साली तो रद्द केला, आणि १९७६ साली सुप्रीम कोर्टात सरकार हरलं.

आपल्या महाराष्ट्रात जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या जप्तीविरुद्ध संघराज रूपवते आणि इतर मंडळी मुंबई हायकोर्टात गेली. पुस्तकानं लोक दुखावले होते, हे खरंच. पण कोणत्या समाजांत वैर पसरतं, हे हुकमात सांगितलं नव्हतं. २००७ साली हुकूम रद्द झाला, २०१० साली सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम केला.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. उद्या कोण्या पत्रात बाबासाहेबांची विटंबना छापून आली तर? रक्त तापणारच. पण गाडी फोडली, टपरी जाळली, तर छापणारा नामानिराळा राहतो आणि आपल्या पोरांवर केसेस पडतात. मग नोकरी नाही, पासपोर्टला अडचण. त्यापेक्षा अंक जपून ठेवा, लेखी फिर्याद द्या, पोच घ्या, सरकारकडे जप्तीची मागणी करा. तोच कायदा आपल्याही हातात आहे. मात्र कारण आपल्यालाही दाखवावं लागेल. नुसतं आवडलं नाही, एवढं पुरत नाही.

'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंत बाबासाहेबांनी पत्रं चालवली. संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी सनदशीर मार्गच सांगितला. म्हणून कोणी अंक मागायला आलं तर शांतपणे विचारा : अधिसूचना कुठे आहे? वॉरंट कुठे आहे? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे.

जय भीम!