हृदयातील दीर्घकालीन बिऱ्हाड

बडोद्याच्या गोरवा भागाचे नाव औषधांशी निगडित आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या अलेंबिक कंपनीने १९६१ साली तेथे पेनिसिलीनचा कारखाना सुरू केला. घसादुखीमागून मुलांना जडणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करतो. त्यावर पेनिसिलीन हा मोठा पहारेकरी. परंतु हृदयाचा एक वैरी असा आहे की, त्याच्यापुढे या पहारेकऱ्याचे काही चालत नाही. ट्रिपनोसोमा क्रूझी हे त्याचे नाव. तो जीवाणू नव्हे. एकपेशीय परोपजीवी आहे.

१९०९ साली ब्राझीलमधील लासांस गावी डॉक्टर कार्लोस शागस यांनी तो हुडकला. रेल्वेच्या मजुरांतील हिवतापाचा बंदोबस्त करण्यासाठी ते तेथे गेले होते. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारा, ढेकणाच्या दूरच्या नात्यातला पण त्याहून मोठा असा एक कीटक रात्री झोपलेल्यांचे रक्त पीत असे. त्याच्या विष्ठेतील परोपजीवी खाजवलेल्या जखमेतून वा डोळ्यांतून शरीरात शिरतात. शागस यांना आधी कीटकात जंतू सापडला आणि मग दोन वर्षांच्या एका तापकरी मुलीच्या रक्तात! रोग्याकडून जंतूकडे जाण्याची नेहमीची वाट येथे उलटी झाली. पन्नासहून अधिक वर्षांनी तिची पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही तो तिच्या शरीरात होताच. हृदय मात्र शाबूत होते.

सर्वांचेच दैव असे नसते. पहिला ताप काही आठवड्यांत ओसरतो आणि रोगी बरा झाला असे वाटते. पुढे दहा-वीस वर्षांनी सुमारे तिघांपैकी एकाच्या हृदयात बिघाड दिसू लागतो. ठोक्यांची आज्ञा वाहणारे तंतू तुटतात, हृदय फुगते, त्याच्या टोकाशी पातळ फुगवटा येऊन तेथे रक्ताच्या गुठळ्या साचतात. कित्येकदा मृत्यू हेच पहिले लक्षण असते.

परोपजीवी केव्हाच निघून गेला असून शरीर आपल्याच हृदयावर उलटले आहे, असे पुष्कळ काळ मानले जाई. सूक्ष्म चाचण्यांनी हृदयाच्या स्नायूंतच त्याचे अंश दाखविले, तेव्हा तो तेथून हललाच नव्हता हे उघड झाले. मग औषधाने त्याला हाकलले तर? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बेन्झनिडाझोलने रक्तातील परोपजीवी घटले, पण आधीच खचलेल्या हृदयाची घसरण थांबली नाही. म्हणजे औषध द्यायचे ते आरंभी, विशेषतः बालवयात. आणि नेमका तेव्हाच रोगी ठणठणीत दिसतो.

भारतात शागस रोगाचे ठाणे नाही. तथापि त्या जंतूचा एक भाऊबंद येथे जुना आहे. घोडे, उंट व गुरे यांना होणारा ‘सर्रा’ तोच घडवितो. माणसाला तो बाधत नाही असा भरवसा होता. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. या जंतूला मारणारे, सामान्य माणसाच्या रक्तात असणारे एक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते. सुरामिन हे जुने औषध देण्यात आले आणि शेतकरी बरा झाला.