क्षिप्रेचे पाणी आणि माळव्याची शेती



क्षिप्रेचे नाव घेताच उज्जैनचा रामघाट आणि सिंहस्थाची पर्वणी डोळ्यांपुढे उभी राहते. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपणा मराठी मंडळींना तर ही नदी घरचीच वाटते. इंदूरजवळच्या उज्जैनी गावाच्या टेकड्यांत ती उगम पावते, देवासजवळून उज्जैनला जाते, १८१७ साली होळकरांची फौज इंग्रजांशी जेथे लढली त्या महिदपूरवरून पुढे वाहते आणि सुमारे १९५ किलोमीटरांचा प्रवास करून चंबळेला मिळते. या वाटेवर तीर्थे थोडी आणि शेते अपार आहेत. म्हणून आज मी क्षिप्रेच्या घाटांविषयी न बोलता तिच्या शेतांविषयी बोलणार आहे.

हिमालयातील मोठ्या नद्यांना बर्फाचा आधार असतो. क्षिप्रेला तो नाही. पावसाळा सरल्यावर तिच्या पात्रात जे पाणी राहावयाचे, ते जमिनीनेच द्यावे लागते. माळव्याच्या काळ्या मातीखाली मुरूम आणि झिजलेला काळा खडक आहे. त्याच्या भेगांत पाणी मुरते. त्यावर विहिरी भरतात, आणि उरलेले पाणी झऱ्यांवाटे ओढ्यांत व ओढ्यांतून नदीत उतरते. विहीर आणि नदी यांची कोठी अशी एकच आहे. त्या कोठीतील पातळी नदीच्या तळाखाली गेली, की झरे आटतात आणि नदी मार्गशीर्ष-पौषातच डबक्यांची माळ होऊन बसते.

ही पातळी का उतरली? १९७० च्या दशकापर्यंत माळव्यातील पुष्कळशी काळी जमीन पावसाळ्यात पड ठेवीत. चिखलामुळे तीत पेरणी करणे अवघड जाई. मातीने धरलेल्या ओलीवर मग गहू व हरभरा घेत. ही पद्धत निर्दोष होती असे मुळीच नव्हे. उघड्या शेतातील माती पावसाबरोबर वाहून जाई आणि उत्पन्नही बेताचेच असे. पुढे सोयाबीन आले. पावसाळ्यात दुसरे पीक मिळू लागले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. त्याच काळात वीजपंप आणि कूपनलिका आल्या, ओलीवरच्या गव्हाची जागा तीन-चार पाण्यांच्या गव्हाने घेतली. यात शेतकऱ्याला दोष देण्याजोगे काही नाही. परंतु कोठीतून काढण्याचे माप वाढले, भरण्याचे वाढले नाही, हा साधा हिशेब कोणीच मांडला नाही.

दुसरे दुखणे शहराकडून येते. इंदूरमधून निघालेली कान्ह नदी शहराचे सांडपाणी घेऊन सांवेर तालुक्यातून जाते आणि उज्जैनच्या वर त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. मूळ प्रवाह जोमदार असता तर या घाणीचा काही भाग तरी त्याने पचविला असता. क्षीण झालेल्या नदीला ती शक्ती उरलेली नाही.

यावर आजवर उपाय झाले ते बहुतांशी नळांचे. २०१४ साली नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर उंच चढवून उज्जैनीच्या उगमाशी आणून सोडले. २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचे पाणी नळातून उज्जैनच्या पलीकडे नेले. आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी तशाच, पण अधिक मोठ्या नलिकेचे काम हाती घेण्यात आले. पर्वणीच्या गर्दीला याची गरज असेल, हे मान्य करावयास हवे. तथापि उसनवार पाण्याने घाट भरतो, गावची विहीर भरत नाही; आणि वळविलेली घाण नाहीशी होत नाही, ती खालच्या गावांच्या वाट्याला जाते.

मग नदीला तिचे स्वतःचे पाणी परत कसे मिळावे? याचे अर्धे उत्तर इंदूरलाच सापडले होते. १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. ‘इंदूर पद्धत’ या नावाने ती जगभर गेली. अशा खताने काळी माती भुसभुशीत होते, पाणी आत घेते आणि धरूनही ठेवते. ज्या भूमीने हे जगाला शिकविले, तेथेच आज गव्हाची धसकटे शेतात पेटविली जातात, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

उरलेले अर्धे उत्तर शेजारच्या देवासने दिले. १९९० साली या शहराला पिण्याचे पाणी आगगाडीने पुरवावे लागले होते. २००६ पासून त्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा एक तुकडा देऊन शेततळी खणली आणि त्यांना ‘रेवासागर’ हे गोड नाव दिले. पावसाचे पाणी अडवून त्यावर रब्बी काढली, तर कूपनलिकेवरचा भार तेवढा हलका होतो. मात्र तळे पावसाने भरावे, कूपनलिकेने भरू नये, एवढे पथ्य पाळावयास हवे.

येथे एक न्यायाचा प्रश्न उभा राहतो. उगमाकडचा शेतकरी बांध घालतो, तळ्यासाठी जमीन सोडतो. त्याचे फळ खालच्या गावाला, शहराला आणि यात्रेकरूला मिळते. खर्च एकाने सोसावा आणि पुण्य दुसऱ्याने घ्यावे, ही व्यवस्था टिकणारी नाही. नळांवर होणाऱ्या खर्चातील योग्य वाटा वरच्या शेतांच्या बांधांवर, ओढ्यांच्या काठच्या झाडांवर आणि शेततळ्यांवर व्हावयास हवा. आणि शहराने आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावयास हवे.

क्षिप्रेची प्रकृती पाहावयाची असेल, तर पर्वणीच्या दिवशी घाटावर जाऊ नका. फाल्गुन-चैत्रात एखाद्या लहानशा ओढ्याच्या काठी जाऊन तेथल्या विहिरीत डोकावून पाहा. तेथे पाणी असेल, तर नदीची आशा आहे.