मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला संगणक कशाला?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि "तुझ्या विषयावर बोल" असं सांगितलं आहे. सकाळपासून चहाच्या टेबलाशी तिघांनी विचारून झालं, "म्हणजे तुला समोरच्याच्या मनातलं कळतं का गं?" नाही कळत. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि माझा बराचसा वेळ संगणकावर आकड्यांचे तक्ते बघण्यात जातो. हे ऐकून त्या तिघांचा चेहरा पडला. आज मी त्या तक्त्यांबद्दलच बोलणार आहे, कारण इथल्या बऱ्याच जणांच्या घरात मानसशास्त्र शिकणारी मुलगी किंवा मुलगा आहे.

पालकांच्या तोंडून मी नेहमी एक वाक्य ऐकते. "गणित नको म्हणून आर्ट्सला गेली, आता सायकॉलॉजी करतेय." पुढे सांख्यिकी येते, एम.ए.ला संशोधन प्रकल्प येतो, आणि टाळलेलं गणित मागच्या दाराने घरात शिरतं. बरोबर संगणकही घेऊन येतं. रोज तासन्‌तास मोबाइल हाताळणारी ही मुलं एक्सेलचा कोरा तक्ता पाहिला की हात मागे घेतात. त्यात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पडद्यावरचा प्रत्येक इंग्रजी शब्द परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटतो.

मग वाट कोणती निघते? झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानाशेजारी "डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल" अशी पाटी असते. भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा तिथे द्यायचा, पैसे मोजायचे, आठवड्याने छापील तक्ते आणायचे. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक विचारतात, "इथे टी-चाचणी का वापरली?" एका मुलीने दिलेलं उत्तर मी विसरले नाही. "सर, ती तिकडेच लावून मिळते." आम्ही हसलो नाही. मुलगी हुशार होती, साठ जणींना भेटून तिने स्वतः प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. साठ जणींनी तिला जे सांगितलं त्याचा अर्थ लावायचं काम मात्र अशा माणसाने केलं होतं, ज्याने त्यांतल्या एकीलाही पाहिलेलं नव्हतं.

यात काय बिघडतं ते एका उदाहरणाने सांगते. आत्मसन्मान मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची एक प्रश्नावली जगभर वापरतात. दहा विधानं, प्रत्येकाला एक ते चार गुण. त्यातली पाच विधानं सुलट आहेत, म्हणजे "माझ्यात चांगले गुण आहेत" या धाटणीची, आणि पाच उलट, "मी काही कामाचा नाही" या धाटणीची. उलट विधानांचे गुण बेरजेआधी फिरवून घ्यावे लागतात: चारचा एक, तीनचा दोन. आता दोन मुली डोळ्यांसमोर आणा. एक आत्मविश्वासाने भरलेली. ती सुलट विधानांना चार आणि उलट विधानांना एक देते. दुसरी पार खचलेली. ती नेमकं उलटं करते. गुण फिरवायचे राहिले तर पहिलीची बेरीज वीस अधिक पाच, पंचवीस. दुसरीची पाच अधिक वीस, पंचवीस. दोघी सारख्याच! गुण नीट फिरवले की पहिलीचे होतात चाळीस आणि दुसरीचे दहा. जिला मदतीची सगळ्यांत जास्त गरज आहे, ती मुलगी त्या एका राहून गेलेल्या पायरीमुळे तक्त्यातून नाहीशी होते. आणि सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. पंचवीस लिहून मोकळं होतं.

अशीच दुसरी गंमत. कुणी वय लिहिलं नसेल तर त्या चौकटीत ९९ टाकायची जुनी पद्धत आहे. पण ९९ म्हणजे "माहिती नाही" हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. वर्गात चाळीस मुलं, सगळी वीस वर्षांची, आणि तिघांनी वय लिहिलेलं नाही. सांगायचं राहिलं तर वर्गाचं सरासरी वय सव्वीसच्या घरात जातं. आपल्या वर्गाला ओळखणारी मुलगी हा आकडा बघताच थबकेल. दुकानदार कशाला थबकेल?

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. २०१६ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मानसशास्त्राच्या आठ नामांकित नियतकालिकांतले अडीच लाखांहून जास्त सांख्यिकी निकाल संगणकाकडून तपासून घेतले. साधारण निम्म्या लेखांत निदान एक आकडा शेजारच्या आकड्याशी जुळत नव्हता. आठांतल्या एका लेखात तर फरक असा होता, की निष्कर्षच बदलू शकला असता. मोठमोठ्या विद्यापीठांतली ही मंडळी.

तेव्हा शिकायचं काय? सॉफ्टवेअरची नावं पाठ करण्यात अर्थ नाही. आमच्या विद्यार्थिदशेत एसपीएसएसचा दबदबा होता. १९६८ साली स्टॅनफर्डच्या तिघांनी ते तयार केलं, तेव्हा माहिती पंच केलेल्या कार्डांवरून मशीनला पुरवायची असे. आजही ते चांगलं आहे, पण महाग आहे. कॉलेजच्या एका संगणकावर ते असतं, आणि त्या खोलीची किल्ली ज्या शिपाईमामांकडे असते ते नेमके रजेवर असतात. घरी सराव करायला विद्यार्थी चोरीची प्रत मिळवतो आणि तिच्यासोबत व्हायरसही. याची आता काही गरज उरलेली नाही. जामोवी आणि अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं जॅस्प, ही दोन्ही फुकट आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात आणि दिसायलाही सोपी आहेत. मी नवख्या मुलांना जामोवीवरच बसवते. पुढे संशोधनात जायचं असेल तर 'आर' शिकावं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या दोन सांख्यिकी शिक्षकांनी ते सुरू केलं, तेही फुकट. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात म्हणून मुलं घाबरतात, पण त्याचाच फायदा आहे. आपण काय काय केलं ते ओळीने लिहिलेलं राहतं. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी विचारलं, तर दाखवायला वही असते.

मात्र पहिला महिना मी चाचण्या शिकवतच नाही. पहिला आठवडा कागद-पेन्सिल. वीस जणांचे गुण, सरासरी हाताने काढायची. मग तेच एक्सेलमध्ये. एका माणसाची एक ओळ, एका प्रश्नाचा एक स्तंभ, नावाऐवजी क्रमांक. हे एवढं जमलं तरी अर्धी लढाई जिंकली. नाव का नको, हे मी परत परत सांगते. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरता कामा नये, आणि हल्ली एआयला विचारायची पद्धत आहे, तिथेही ते नावानिशी चिकटवता कामा नये. त्यानंतर आलेख. फ्रान्सिस अँस्कोम या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच दिले. चारही संचांची सरासरी सारखी, सहसंबंध सारखा, ०.८२ च्या आसपास. आलेख काढले की एकात ठिपके सरळ रेषेभोवती विखुरलेले, एकात कमान, एकात सगळी रेषा एका चुकार ठिपक्याने ओढून नेलेली, आणि चौथ्यात तर एका ठिपक्यावाचून सहसंबंधच उरत नाही. मुलं हे स्वतः काढून बघतात तेव्हा वर्गात जो "अरे!" उमटतो, त्यासाठी मी शिक्षिका झाले म्हटलं तरी चालेल.

प्रयोगशाळेचंही तेच. जॉन रिडले स्ट्रूप यांचा १९३५ सालचा प्रयोग तुम्ही मोबाइलवर खेळ म्हणून खेळला असाल. हिरव्या शाईत 'लाल' लिहिलेलं असतं आणि वाचायचं नाही, शाईचा रंग सांगायचा. त्यांच्या विद्यार्थ्यांना नुसत्या चौकोनांचे शंभर रंग सांगायला सरासरी ६३ सेकंद लागले आणि अशा फसव्या शब्दांचे शंभर रंग सांगायला ११० सेकंद. शंभरांचा एकत्र वेळ मोजायला हातातलं घड्याळ पुरतं. एकेका शब्दाचा वेळ मोजायचा तर बटण दाबणाऱ्या अंगठ्यालाच जास्त वेळ लागतो. नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेलं सायकोपाय हे सॉफ्टवेअर ते काम मिलिसेकंदात करतं, आणि त्यात देवनागरी चालते. आमच्या मुलींनी 'लाल', 'हिरवा', 'निळा' घालून मराठी प्रयोग उभा केला. पहिल्या दिवशी एकीच्या लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, फाँट बदलल्यावर जमलं. इंग्रजी शब्दांनी ज्यांची जीभ अडखळत नव्हती, त्यांची मराठीने बरोबर अडखळली. पुस्तकातला परिणाम आपल्या भाषेत, आपल्या हाताने पाहिला की तो विषय आपला होतो.

आणखी एकच सांगते. वसतिगृहातल्या मुलींच्या परीक्षेच्या ताणावर प्रकल्प करणारी एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी स्वतः माहिती भरत बसली होती. कंटाळवाणं काम, मी मुद्दाम तिलाच करायला लावलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, काही जणींच्या शेवटच्या पानावर सगळीकडे तीनच आहे." गठ्ठा उघडून पाहिला. ते सगळे कागद एकाच संध्याकाळचे होते. फॉर्म भरता भरता जेवणाची घंटा झाली होती आणि उशिरा गेलं की भाजी संपते. तिने त्या मुलींना परत गाठलं, या वेळी दुपारी. बदललेली उत्तरं पाहून तिचा निष्कर्ष बदलला की नाही, हे तिच्या परीक्षेत कळेल. पण परीक्षकांनी "हे असं का केलं?" विचारलं, तर तिच्याकडे उत्तर आहे.

वेळ संपत आली, सर घड्याळाकडे बघतायत, पूर्वीसारखेच. आपल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या शाळेच्या संगणक कक्षात दिवाळीनंतरचे चार रविवार सकाळी दहा ते एक मी हे शिकवणार आहे. मुख्याध्यापिका बाईंनी परवानगी दिली आहे. शुल्क नाही. कुठल्याही कॉलेजातली, मानसशास्त्र शिकणारी तुमची मुलं पाठवा. स्वतःच्या प्रकल्पाची माहिती असेल तर आणा, नावं खोडून. जामोवी घरूनच उतरवून आणायला सांगा, कारण शाळेचं इंटरनेट अजून आपल्या वेळच्या मधल्या सुट्टीतल्या नळासारखंच आहे. नावं बाहेरच्या टेबलावर नोंदवा, वही ठेवली आहे.