पाण्याला विचारा, लेझरने

सप्टेंबर १९२१. सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने मुंबईला परतत होते. समुद्र निळा का दिसतो? लॉर्ड रेली म्हणत होते, ते आकाशाचं प्रतिबिंब आहे. रामन यांनी निकोल प्रिझम धरून पृष्ठभागावरचं प्रतिबिंब वगळलं, तरी निळा रंग उरलाच. म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. याच विचारातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आला.

आज तोच परिणाम पाणी तपासायला वापरतात. विमानातून किंवा होडीतून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर क्षणभर पाण्यावर सोडायचा आणि परत काय येतं ते पाहायचं.

तळावरून हिरवाच प्रकाश परत येतो. पाण्यात प्रकाश सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे पृष्ठभाग आणि तळ यांच्या परतीत ८९ नॅनोसेकंदांचं अंतर पडलं, तर खोली साधारण १० मीटर.

पाण्याचे रेणू मात्र ६५० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश परत देतात. हा रामन संकेत. शेवाळातलं हरितद्रव्य ६८५ च्या आसपास चमकतं. पाणी गढूळ असेल तर दोन्ही संकेत क्षीण होतात, म्हणून नुसत्या चमकेवरून शेवाळ किती ते कळत नाही. पण चमकेला रामन संकेताने भागलं की गढूळपणाचा परिणाम बराचसा वजा होतो. पाणी स्वतःच मोजपट्टी बनतं!

आता मर्यादा. पांढरी सेकी तबकडी पाण्यात सोडा. ती जिथे दिसेनाशी होते, त्याच्या दोन-तीन पट खोलीपर्यंतच लेझर तळ दाखवतो. पावसाळ्यात नदीत तबकडी वीतभरावर गायब होते, तिथे लेझरही हतबल. शिवाय कडक उन्हात शेवाळ कमी चमकतं, म्हणून दुपारचं आणि रात्रीचं मोजमाप थेट ताडून पाहू नये.

सगळ्यात महत्त्वाचं: धरणाच्या पाण्यात शेवाळ कुठे वाढतंय हे लेझर पटकन दाखवेल. ते विषारी आहे का, पाणी पिण्याजोगं आहे का, हे तो सांगणार नाही. त्यासाठी नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. बाटली नेमकी कुठे बुडवायची, एवढं मात्र लेझर सांगतो. शेकडो चौरस किलोमीटरच्या जलाशयात हेही थोडं नाही.