फडा सोड म्हणणाऱ्यांनी आधी पोरगं धरावं

(नांदेडला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

मला इथं कवितेवर बोलायला बोलावलंय. कविता खिशात आहे. ती तिथंच राहू द्या. आज मी एका फड्यावर बोलणार आहे. फडा म्हणजे शिंदीच्या पानांची केरसुणी. आणि बोलणार आहे एका पोरावर. तो माझा भाचा. सात वर्षांचा आहे आणि अजून त्याला मान धरता येत नाही.

मी मुंबईच्या गोदीत रोजंदारीवर आहे. दहावी पास. पुढं शाळेनं नेलं नाही, पोटानं मुंबईला नेलं. रे रोडला एका खोलीत आम्ही आठजण राहतो. गाव अहमदपूर तालुक्यात, लातूर जिल्हा. अक्का दिलीय लोहा तालुक्यात, नांदेड जिल्हा. एकाच सडकेवरचे तालुके, पण दोन जिल्हे. कागदासाठी मात्र दोन्हीकडं खेटे.

आम्ही मांग. बाप दोर वळायचा. दावी, कासरे, मोरख्या. माळेगावच्या जत्रेत घोड्यागाढवांच्या बाजारात विकायचा. बाया फडे बांधायच्या. आजीनं बांधले, आईनं बांधले, आता अक्का बांधते. गावानं वाटून दिलेलं काम. पसंती कुणी विचारली नव्हती.

शहरातल्या दोस्तांना फडा कसा होतो माहीत नसेल. ओढ्याकाठच्या शिंदीची पानं तोडून आणायची. टोकाला काटा असतो, बोटं फाटतात. पानं वाळवायची. पुन्हा पाणी मारून मऊ करायची. एकेक पान चिरून बारीक करायचं. मग जुडगा घट्ट आवळून मूठ बांधायची. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्या साली माणसाच्या घशाला पाणी नव्हतं, पानांना कोण देणार? शिंदीही आता कमी झाल्या. बाजारात प्लास्टिकचे झाडू आले. तरी दिवाळीला फडा लागतोच. कारण लक्ष्मीपूजनाला तो लक्ष्मी होतो. त्याला हळदकुंकू लावतात, त्याला पाय लागू देत नाहीत. अक्का फडे घेऊन दारोदार जाते. फडा देवघरात जातो. अक्का पायरीखाली थांबते आणि पैसे वरून तिच्या पदरात पडतात. लक्ष्मी आत, लक्ष्मी बांधणारी बाहेर. हे आजचं सांगतोय, आज्याच्या काळातलं नाही.

आता पोराचं सांगतो.

तो जन्मला तेव्हा रडला नाही. रात्रीची वेळ. गाडी मिळायला उशीर झाला, दवाखान्यात पोचायला उशीर झाला. मेंदूला प्राणवायू कमी पडला. वर्ष झालं तरी पोरगं बसेना, तेव्हा कुठं एका डॉक्टरनं नाव सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. मी ते नाव हातावर लिहून घेतलं होतं. हा रोग नाही. वाढत्या मेंदूला झालेली इजा आहे. मेंदूचा हुकूम हातापायांना नीट पोचत नाही, स्नायू ताठ राहतात. इजा आपली आपण वाढत नाही आणि औषधानं जातही नाही. पण रोज व्यायाम दिला, नीट बसवलं, आधारानं उभं केलं तर पोरगं सुधारतं. तसंच टाकून दिलं तर सांधे आखडतात. सगळं त्या 'रोज'वर आहे. आणि 'रोज' कुणाचा? आईचा.

आणखी एक. त्याला कळतं. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नाही. हलगी वाजली की खदखदून हसतो. अक्का रडली की त्याचे हात जास्त ताठ होतात.

गावानं काय सांगितलं? मागल्या जन्मीचं पाप. मित्रांनो, हे वाक्य ओळखीचं वाटतंय का? आपल्या हजार पिढ्यांना हेच वाक्य सांगितलं. तू मांगाच्या पोटी का जन्मलास, तर मागल्या जन्मीचं पाप. त्या वाक्याला आपण लाथ घातली. पण सात वर्षांच्या पोरासमोर तेच वाक्य आपल्याच वाड्यातली माणसं बोलली. आईनं अंगारा लावला. दाजीनं कोंबडं कापलं. मी मुंबईत सभेत टाळ्या घेत होतो. खोलीतल्या दोस्तांना मी तीन वर्षं सांगितलं नव्हतं की मला असा भाचा आहे. म्हणजे लाज मलाही वाटत होती. ते पाप ह्याच जन्मातलं आहे आणि माझं आहे.

आता हिशोब ऐका.

आमच्याकडं दिवाळी झाली की माणसं ऊस तोडायला जातात. मुकादम नवराबायकोला मिळून एक कोयता धरतो. उचल कोयत्यावर मिळते. बाई नसली तर तो अर्धा कोयता. पहिल्या साली अक्का पोराला घेऊन फडात गेली. म्हणजे उसाच्या फडात. कोपीत थंडी, पहाटे उठून गाडी भरायची, पोरगं पाचटावर. त्याच्या छातीत कफ भरला. कसंबसं वाचलं. तेव्हापासून दाजी एकटा जातो. अर्धा कोयता, अर्धी उचल. अक्का घरी. घरी बसून पोराकडं बघत करता येईल असं काम कोणतं? एकच. जे जातीनं हातात दिलं ते.

गेल्या दिवाळीला मी गावी गेलो. सभांमधलं सगळं डोक्यात होतं. जातीचे धंदे टाका. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं, ते बरोबरच सांगितलं. मी अक्काच्या दारात उभा राहून ओरडलो, फेक तो फडा! किती दिवस त्यांची घरं झाडणार? अक्का पान चिरत होती. पोरगं तिच्या मांडीला टेकलेलं. तिनं वरती बघितलं नाही. म्हणाली,

"मला काय फड्याचा लई सोस हाय का रं? आत्ता चुलीत घालते. फकस्त ह्याला धर. कोण धरतंय ह्याला?"

मी म्हणालो, धरतो.

एक दिवस धरलं. मी गोदीत पन्नास किलोचं पोतं उचलतो. हे पोरगं चौदा किलोचं. संध्याकाळी माझे हात थरथरत होते. पोतं उचललं की ठेवता येतं. ह्याला ठेवता येत नाही. भाकरी दुधात कुस्करून भरवायची, तीही बसवून, मान हाताच्या कोपरात धरून. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनळीत जातो. अर्धी भाकर, पाऊण तास. मग व्यायाम. आखडलेला गुडघा हळूहळू सरळ करायचा, घाई केली की पोरगं किंचाळतं. मग कपडे. मग कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. मग पुन्हा भूक.

त्या दिवशी अक्कानं अकरा फडे बांधले. एरवी पाच होतात.

मित्रांनो, ते सहा फडे मला विसरता येत नाहीत. व्यापारी जाग्यावर पंचवीस रुपये देतो आणि शहरात पन्नासला विकतो. म्हणजे माझ्या एका दिवसाची किंमत दीडशे रुपये. सात वर्षं हे दीडशे रुपये अक्काच्या हातातनं रोज गळतायत आणि आम्ही त्याला माया म्हणतोय. बाईची माया, आईचं काळीज, असली गाणी आपण म्हणतोय.

आपण रमाईची गाणी म्हणतो. बाबासाहेब परदेशात शिकत होते आणि रमाईनं गोवऱ्या थापून घर चालवलं, हे आपण दर सभेत सांगतो. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार लेकरं गेली, तेही सांगतो. सांगताना गळा भरून येतो. पण ती गोवऱ्या थापायची तेव्हा आजारी लेकरू कुणाकडं असायचं, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलं? मी तरी विचारलं नव्हतं. त्याग म्हटलं की प्रश्न संपतो. त्याग करणारीला मदत लागत नाही असं आपण धरून चालतो.

सरकारचं बोलू. गांधींनी आपल्याला हरिजन म्हटलं, देवाची लेकरं. आपण तो शब्द तोंडावर परत फेकला, कारण नाव गोड होतं आणि पाणवठा बंद होता. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून अपंगांसाठी दिव्यांग हा शब्द सुचवला. दिव्य अंग! माझ्या भाच्याच्या अंगात दिव्य काही नाही. त्याला मानेला आधार देणारी खुर्ची पाहिजे. गोड नाव देणाऱ्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघायला आपणच जगाला शिकवलं. इथंही बघा.

हातात काहीच नाही असं मी म्हणणार नाही. कायदा आहे. २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा. त्यात एकवीस प्रकार धरलेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ज्याला जास्त आधार लागतो त्याच्या सांभाळणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. केरळात सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये द्यायची योजना आहे. रक्कम थोडी आहे, पण सांभाळणं हे काम आहे एवढं तरी त्या सरकारनं कबूल केलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी निरामय विमा आहे, एक लाखापर्यंत. संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचं अनुदान २०२५ साली दीड हजाराचं अडीच हजार केलं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात कशावर खर्च झाले, विचारा. मी विचारलं तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

कायदा आहे, पण कायद्याच्या दारापर्यंत पोराला उचलून कोण नेणार? दाखल्याचा दिवस ठरलेला. अक्का पोराला काखेत घेऊन एसटीनं गेली. साहेब रजेवर. पुन्हा गेली. आधारचे ठसे जुळेनात. पोराची मूठ उघडतच नाही, ठसा कुठनं देणार? मशीनवर बसलेला पोरगा तिच्यावर ओरडला, नीट धर की! त्या दोन दिवसांत दहा फडे बुडाले. मशीनला मूठ बंद पोरगं माहीत नाही आणि हाफिसाला फडा माहीत नाही.

धंद्यासाठीही योजना आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे, त्यात टोपल्या-झाडूवाले आहेत. पाच टक्क्यांनी कर्ज, पहिलं एक लाख. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये भत्ता. अक्का म्हणाली, पाच दिवस मी तिथं गेले तर ह्याला कुठं ठेवू? मला दुसरंही दिसलं. अठरा धंद्यांची यादी वाचली की जुनी बलुत्याची यादी आठवते. कर्ज घे आणि तिथंच बस. शिवणकाम शीक, दुकान टाक, तू झाडूच का बांधावास, असं कुणी विचारत नाही. अक्काला शिलाई मशीन पाहिजे. तिनं ते मला त्या रात्री सांगितलं, पोरगं झोपल्यावर, हळू आवाजात, चोरी केल्यासारखं.

म्हणून मी माझं जुनं वाक्य बदलायला आलोय. जातीचा धंदा सोडला पाहिजे, हे खरंच आहे. पण तो घोषणेनं सुटत नाही. हात मोकळे झाले तर सुटतो. जिच्या मांडीवर असं लेकरू आहे तिला फडा सोड म्हणणारा माणूस आधी तिची मांडी मोकळी करत नसेल, तर तो फुकटचं बोलतोय. मी फुकटचं बोललो होतो.

आता काम. नांदेड आणि लातूरचे पोरं इथं बसलेत.

एक. आपापल्या वस्तीत अशी किती लेकरं आहेत ती मोजा. दारं लावून आत ठेवलेली आहेत. पाप म्हणून ठेवलेली आहेत. आपण जाऊन दार वाजवायचं.

दोन. दर घरामागं दोघांनी आठवड्यातला एक दिवस पोराला धरायचं. भरवायचं कसं, व्यायाम कसा, हे आईकडनं शिकायचं. हे काम पोरांनी करायचं. बहिणींना पाठवून मोकळं व्हायचं नाही.

तीन. दाखले, ओळखपत्र, निरामय, निराधार, हे कागद आपण करायचे. मोर्चा काढता येतो तर रांगेतही उभं राहता येतं. ठसा जुळला नाही तर तिथंच बसायचं.

चार. येत्या दिवाळीला फडे आपण विकायचे. नांदेडला वजिराबादेत, लातूरला गंजगोलाईत. टेबल टाकून, भाव लिहून. पन्नास म्हणजे पन्नास, आणि पन्नास बांधणारीच्या हातात. ज्याला लक्ष्मी पाहिजे त्यानं टेबलापर्यंत चालत यावं. आमची बाई पायरीखाली उभी राहणार नाही. त्यातनं मशीन येईल. मशीन आलं की फडा आपोआप खाली पडेल.

आणि पाच. पुढच्या बैठकीला पोरांना आणायचं. त्यांच्या तोंडातनं लाळ गळते, मधेच ओरडतात. ओरडू द्या. आपल्या सभेत शांतता पाहिजे असेल तर कीर्तनाला जावं.

परवा मी मुंबईला परत जाईन. गोदीत महिन्याला चार दिवस खाडा करून गावी यायचं ठरवलंय. मजुरी बुडेल. चार दिवसांचे चोवीस फडे वाढतील, मजुरीपेक्षा कमीच. तरी हिशोब मला पटलाय.

कागद आणि पेन मागच्या बाकावर ठेवलंय. लोहा तालुक्यासाठी पहिलं नाव मी लिहिलंय, महिन्याचा पहिला रविवार. दुसरा, तिसरा, चौथा रविवार रिकामा आहे. टाळ्या नकोत. जाताना नाव लिहा.

जय भीम.