अपेक्षाभंगाचे मोल



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून उत्तम ग्रंथांचे गुणगान नेहमीच होते. निराश करणाऱ्या ग्रंथाविषयी मात्र क्वचितच बोलले जाते. वस्तुतः वाचकाची अभिरुची घडविण्यात अशा ग्रंथाचाही वाटा असतो.

इंग्लंडमध्ये धर्मादाय दुकानांची प्रथा आहे. नागरिक वापरलेले कपडे, भांडी आणि पुस्तके तेथे देतात. स्वयंसेवक ती अल्प किमतीस विकतात आणि उत्पन्न लोककार्यास जाते. १९४२ साली ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या ‘ऑक्सफॅम’ या संस्थेची अशी दुकाने प्रसिद्ध आहेत. तेथील फळीवर होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ दिसली, तर कोणताही रसिक ती उत्साहाने उचलील. १७६४ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी भयाद्भुत, म्हणजे ‘गॉथिक’, कथापरंपरेची जननी मानली जाते. काळ धर्मयुद्धांचा, स्थळ दक्षिण इटलीतील एक किल्ला. पहिल्या आवृत्तीत तर वॉलपोलने स्वतःचे नाव लपवून, जुन्या इटालियन ग्रंथाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी केली होती.

प्रारंभही विलक्षण आहे. विवाहाच्या दिवशीच राजपुत्रावर एक अजस्र शिरस्त्राण कोसळते आणि तो चिरडून मरतो. पण पुढे वाचकाचा हिरमोड होऊ लागतो. तसबिरीतील पुरुष चौकटीतून खाली उतरतो, पुतळ्याच्या नाकातून रक्त ठिबकते, शेवटी प्रचंड आकृती प्रकटून किल्ल्याच्या भिंती ढासळतात. एकामागून एक चमत्कार घडत राहिल्याने पुढच्या चमत्काराचे भय उरत नाही. ऐन संकटाच्या क्षणी सेवकांची लांबलचक बडबड चालते. धर्मयुद्धांचा काळ तर केवळ पात्रांच्या अंगावरील पोशाखापुरता; त्या काळच्या माणसांचे जगणे कोठेच दिसत नाही.

अशा वेळी दोन मोह होतात. ग्रंथाच्या कीर्तीला दबून आपलीच रसिकता अपुरी मानणे, हा पहिला. आणि पुस्तक टाकाऊ ठरवून मोकळे होणे, हा दुसरा. दोन्ही मोह टाळून, आपली निराशा नेमकी कोठे झाली हे शोधणारा वाचकच खरा अभ्यासू होय. अद्भुतालाही अंतर्गत नियम लागतो आणि इतिहासाचे नाव घेतले की त्या काळच्या जीवनाचे ऋण फेडावे लागते, हे दोन धडे ही कादंबरी आपल्या उणिवांतूनच शिकविते.

वॉलपोलने जुनी अद्भुतकथा आणि नवी वास्तव कादंबरी यांचा संगम साधू पाहिला. तो त्याला पूर्णपणे साधला नाही. पण प्रश्न त्याने मांडून ठेवला. १८११ च्या आवृत्तीला वॉल्टर स्कॉटने प्रस्तावना लिहिली आणि १८१४ साली त्याच स्कॉटची ‘वेव्हर्ली’ अवतरली. १७४५ च्या बंडाच्या धामधुमीत सापडलेला एक सामान्य तरुण तिचा नायक आहे. येथे इतिहास पोशाख न राहता माणसाचे भवितव्य ठरविणारी शक्ती बनला.

मराठीतही असाच प्रवास दिसतो. रिसबूड यांची अद्भुतरम्य ‘मंजुघोषा’ १८६८ ची, रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ ची. गुंजीकरांचा गड काल्पनिक आहे, पण भोवतालचा काळ शिवाजीमहाराजांचा, वाचकांच्या ओळखीचा आहे. आजच्या वाचकाला या दोन्ही कृती कदाचित रुक्ष वाटतील. पण ‘मोचनगड’नेच मराठी ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला आणि हरिभाऊ आपट्यांनी त्यावर इमारत उभारली.

म्हणून जुन्या ग्रंथालयाने कपाटे रिकामी करताना केवळ ‘कोणी नेत नाही’ एवढ्याच कारणाने एखादे पुस्तक बाद करू नये. फसलेला ग्रंथ हाही वाङ्मयाच्या इतिहासाचा पुरावा असतो. त्याचबरोबर सभासदांनीही नावाजलेल्या ग्रंथाविषयीचा आपला असमाधानाचा शब्द संकोचाने गिळू नये. कारणासह तो स्पष्ट मांडावा. ज्या वाचकवर्गाला आपली निराशा नेमक्या शब्दांत सांगता येते, त्यालाच अधिक चांगल्या ग्रंथाची मागणी करण्याचा अधिकार प्राप्त होतो.